पार्किंग लॉटमधली चर्चा आणि घरचा हिशेब: कॉलेज बास्केटबॉलची मॅच संपल्यावर काय बघावं

मुलगा इथे अमेरिकेत कॉलेजच्या पेप बँडमध्ये, म्हणजे मॅचला जोश आणणाऱ्या बँडमध्ये, ट्रम्पेट वाजवायचा, म्हणून मी बास्केटबॉल बघायला लागले. चार वर्षांनी त्याने पदवी घेतली, ट्रम्पेट आमच्या गॅरेजमध्ये येऊन पडलं, पण सीझन तिकिटाची खुर्ची मी सोडली नाही. मॅच सुटल्यावर पार्किंग लॉटमधून गाडी बाहेर काढायला अर्धा-पाऊण तास लागतो. हरलेलो असलो तर तेवढ्या वेळात आमच्या गाडीत कोचला निदान तीनदा नोकरीवरून काढलेलं असतं.

मीही त्यातलीच होते. पहिल्याच सीझनमध्ये एक मॅच आम्ही एका पॉइंटने हरलो. शेवटचे काही सेकंद उरले असताना आमच्या एका फ्रेशमन (पहिल्या वर्षाच्या) गार्डला, म्हणजे बॉल पुढे आणणाऱ्या खेळाडूला, वन-अँड-वन मिळाला. पुरुषांच्या कॉलेज मॅचमध्ये एका हाफमधल्या समोरच्या टीमच्या सातव्या फाउलपासून हे मिळतं: पहिला फ्री थ्रो आत गेला तरच दुसरा. दहाव्या फाउलपासून सरळ दोन. त्याचा पहिलाच रिमला लागून बाहेर आला. मी चांगल्या खणखणीत मराठीत ओरडले, "याला कुणी उभं केलं तिथे!" दोन रांगा खाली बसलेल्या एक बाई मागे वळल्या. शब्द त्यांना कळले नसणार, सूर बरोबर कळला. त्या त्याच्या आई होत्या.

रात्री झोप येईना म्हणून बॉक्स स्कोअर, म्हणजे मॅचच्या आकड्यांचा तक्ता, उघडला. त्या पोराचा एक फ्री थ्रो हुकला होता खरा, पण आमच्या टीमने पहिल्या हाफमध्येच नऊ वेळा बॉल हातचा घालवला होता. त्या नऊ वेळांवर गाडीत कुणी चकार शब्द काढला नव्हता, मीसुद्धा नाही. तेव्हापासून हिशेब मांडायची सवय लागली. वरातीमागून घोडं म्हणा हवं तर, पण घोडं निदान बरोबर वरातीमागे जावं.

आधी मॅच चालू असतानाच थोडं टिपा

फार नाही. माझ्याकडे एक छोटी वही असते. पुरुषांच्या मॅचमध्ये २० मिनिटांचे दोन हाफ असतात आणि घड्याळ १६, १२, ८ आणि ४ मिनिटांच्या खाली आलं की त्यानंतर खेळ थांबेल तेव्हा टीव्हीसाठीचा टाइमआउट होतो. म्हणजे प्रत्येक हाफचे आपोआप पाच तुकडे पडतात. त्या प्रत्येक थांब्याला मी फक्त स्कोअर लिहिते आणि कोर्टवर आमचे कोण पाच होते त्यांचे जर्सी नंबर. चीअरलीडर्स कोर्टवर येऊन परत जाईपर्यंत होतं. महिलांच्या मॅचमध्ये २०१५-१६ पासून १० मिनिटांचे चार क्वार्टर आहेत, तिथे ५ मिनिटांखालचा थांबा आणि क्वार्टरचा शेवट धरा.

घरी आल्यावर हे दहा तुकडे म्हणजे दहा छोट्या मॅचेस समजायच्या. किती जिंकलो, किती हरलो? बहुतेक वेळा आठ तुकडे बरोबरीचे निघतात आणि दोनच तुकड्यांत सगळा खड्डा पडलेला असतो. त्या दोन तुकड्यांत कोर्टवर कोण होतं? पहिल्या हाफमध्ये दोन फाउल झाले म्हणून तुमचा सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) बाहेर बसला होता का? कॉलेजमध्ये पाचव्या फाउलला खेळाडू बाद होतो, त्यामुळे दोन झाले की बरेच कोच त्याला हाफटाइमपर्यंत बसवून ठेवतात. हाफच्या शेवटच्या सहा-सात मिनिटांत मॅच हातची गेली असेल तर दोष शूटिंगचा कमी आणि त्या निर्णयाचा जास्त असू शकतो.

मग बॉक्स स्कोअर, पण पॉइंट्सचा रकाना झाकून

कुणी किती पॉइंट केले हे सगळ्यात शेवटी बघा. आधी पझेशन मोजा, म्हणजे बॉल तुमच्या ताब्यात किती वेळा आला ते. सूत्र सोपं आहे: टीमने घेतलेले एकूण शॉट, वजा आक्रमक रिबाउंड (आपलाच हुकलेला शॉट आपणच परत मिळवला ते), अधिक टर्नओव्हर (शॉट न घेताच बॉल हातचा घालवला ते), अधिक घेतलेल्या फ्री थ्रोंची संख्या गुणिले ०.४७५. समजा ६० शॉट, १० आक्रमक रिबाउंड, १२ टर्नओव्हर आणि २० फ्री थ्रो. ६० वजा १० झाले ५०, अधिक १२ झाले ६२, अधिक साडेनऊ, म्हणजे साडेएकाहत्तर. स्कोअर ७० असेल तर दर पझेशनला एक पॉइंटसुद्धा नाही. १.१ च्या वर गेलात तर आक्रमण चांगलं चाललं म्हणायचं. "आज आपण ८० केले, आक्रमण झकास!" असं म्हणणाऱ्याला हा भागाकार करून दाखवा. धावपळीची मॅच झाली की ८० पॉइंटसुद्धा साधारणच निघतात.

आता खरी चीरफाड. डीन ऑलिव्हर नावाच्या विश्लेषकाने चार गोष्टी सांगितल्या आणि आजही सगळे त्यावरच चालतात: शॉट किती चांगले पडले, टर्नओव्हर किती झाले, आपल्या हुकलेल्या शॉटचे रिबाउंड किती परत मिळवले आणि फ्री थ्रो लाइनवर किती वेळा गेलो. त्याने अंदाजे वजनंही दिली, ४०, २५, २० आणि १५ टक्के. ती प्रोफेशनल खेळावरून काढलेली आहेत, म्हणून मी त्यांना वेदवाक्य मानत नाही. क्रम मात्र डोक्यात ठेवते.

पहिल्या गोष्टीसाठी साधी शूटिंगची टक्केवारी फसवी. एकाने १० पैकी ५ टू-पॉइंटर टाकले, दुसऱ्याने १० पैकी ४ थ्री. टक्केवारीत पहिला पुढे, पॉइंट्समध्ये दुसरा: १० विरुद्ध १२. म्हणून प्रत्येक पडलेला थ्री दीड बास्केट धरून टक्केवारी काढतात. बॉक्स स्कोअरमध्ये ती नसेल तर स्वतः काढा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

रिबाउंडचंही तसंच. "त्यांनी ४० घेतले, आपण २८" हे ऐकून लगेच उसासा टाकू नका. तुमचेच शॉट धडाधड हुकले असतील तर समोरच्याला रिबाउंड मिळणारच, त्यात त्याची मर्दुमकी काही नाही. आपल्या हुकलेल्या शॉटपैकी किती टक्के आपण परत मिळवले ते बघा. तीसच्या आसपास म्हणजे रोजचं. टर्नओव्हरही पझेशनने भागा. शंभरात पंधराच्या खाली असतील तर उत्तम, विसाच्या वर गेले तर काळजी करा.

या चार गोष्टी एकमेकींना कशा तोलतात याचं माझं आवडतं उदाहरण १९८५ चं आहे. एनसीएएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या, राष्ट्रीय स्पर्धेच्या फायनलमध्ये जॉर्जटाउनने ५३ शॉट घेतले, व्हिलानोव्हाने फक्त २८. जवळजवळ निम्मे! पण व्हिलानोव्हाचे २८ पैकी २२ आत गेले आणि फ्री थ्रो त्यांचे २२ आत गेले, जॉर्जटाउनचे ६. स्कोअर ६६-६४, व्हिलानोव्हा चॅम्पियन. त्या मॅचमध्ये ना शॉट क्लॉक (ठरावीक सेकंदांत शॉट घ्यायला लावणारं घड्याळ) होता ना थ्री-पॉइंट लाइन, त्यामुळे आजच्या मॅचशी ती सरळ ताडून बघू नये. पण एका रकान्यात इतकं मागे असताना दोन रकान्यांनी कसं तारलं ते बघा.

नशीब वेगळं काढा

इथे चाहत्यांची सगळ्यात मोठी चूक होते, म्हणून जरा थांबते.

समोरच्या टीमने २० पैकी १९ फ्री थ्रो टाकले तर त्यात तुमच्या बचावाने काय केलं? काहीच नाही. त्यांना वीस वेळा लाइनवर का पाठवलं, एवढाच तुमचा प्रश्न. थ्री-पॉइंटरबाबत कॉलेज बास्केटबॉलचे आकडे मांडणारा केन पॉमरॉय बरीच वर्षं हेच सांगत आलाय: समोरच्याने किती थ्री घ्यावेत यावर बचावाचा ताबा असतो, त्यातले किती पडावेत यावर फारच कमी.

१६ मार्च २०१८ ला याच राष्ट्रीय स्पर्धेत यूएमबीसीने (मेरीलँड विद्यापीठ, बाल्टिमोर काउंटी) व्हर्जिनियाला ७४-५४ ने हरवलं. पुरुषांच्या स्पर्धेत सोळाव्या सीडने (मानांकनाच्या टीमने) पहिल्या सीडला हरवायची ती पहिली वेळ, त्याआधी १३५ पैकी १३५ वेळा पहिला सीडच जिंकला होता. (महिलांमध्ये हार्वर्डने १९९८ मध्येच स्टॅनफर्डला धूळ चारली होती, हे कुणी आठवत नाही.) हाफटाइमला २१-२१. नंतरच्या हाफमध्ये यूएमबीसीने ५३ ओतले. आता थ्री बघा: यूएमबीसीचे २४ पैकी १२, व्हर्जिनियाचे २२ पैकी ४. म्हणजे ३६ पॉइंट विरुद्ध १२. बाकी सगळे पॉइंट धरले तर व्हर्जिनिया ४२ आणि यूएमबीसी ३८! नुसत्या थ्रीच्या रकान्यात २४ चा फरक आणि मॅच हरली २० ने.

मग हे सगळं नशीब? तसंही नाही. व्हर्जिनियाचा बचाव बास्केटभोवती गर्दी करणारा होता, बाहेरचा शॉट तो थोडा मोकळा सोडायचा. शिवाय त्यांचा डीआंड्रे हंटर मनगटाच्या दुखापतीने बाहेर होता. दोन्ही टीमने थ्री घेतले जवळजवळ सारखेच, पडले वेगवेगळे. मी तरी या हारेतला मोठा भाग त्या रात्रीच्या नावावर टाकेन आणि छोटा पद्धतीच्या. पुढच्याच वर्षी त्याच कोचची व्हर्जिनिया टेक्सास टेकला ओव्हरटाइममध्ये ८५-७७ ने हरवून चॅम्पियन झाली. शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही. प्लस-मायनसचा रकानाही (खेळाडू कोर्टवर असताना टीम किती पॉइंटने पुढे किंवा मागे गेली तो) याच कारणासाठी मी एका मॅचपुरता वाचत नाही, पाच-सहा मॅचेसचा मिळून वाचते.

शेवटी आठ मिनिटं परत बघा

पूर्ण मॅच परत बघायला कुणाला वेळ आहे? वहीतल्या ज्या दोन तुकड्यांत खड्डा पडला, तेवढेच लावा. आणि बॉल बघू नका. अवघड आहे, डोळे आपोआप बॉलमागे जातात, म्हणून मी टीव्हीवर एकच खेळाडू निवडते आणि त्याचे पाय बघते.

मागच्या सीझनमध्ये असंच आमच्या सेंटरला बघत होते. समोरचा गार्ड स्क्रीनला, म्हणजे बचाव करणाऱ्याची वाट अडवून उभ्या राहिलेल्या आपल्या साथीदाराला, वळसा घालून यायचा तेव्हा आमचा सेंटर मागे सरकून बास्केटजवळ थांबायचा, टाचांवर वजन टाकून. गार्डला फ्री थ्रो लाइनजवळ मोकळी जागा मिळायची आणि तो निवांत शॉट घ्यायचा. चार वेळा घेतला, तीन वेळा पडला. स्टँडमध्ये आम्ही सगळे आमच्या गार्डच्या नावाने खडे फोडत होतो, की हा मागे का पडतो. तो मागे पडत होता कारण स्क्रीन त्याला आडवी येत होती. पुढची जागा सेंटरने भरायची की मोकळी सोडायची हा कोचचा निर्णय, आणि लांबचा टू सोडून देणं हा तसा वाईट सौदाही नाही. तीनदा पडला म्हणून तो चुकीचा ठरत नाही, दहा वेळा देऊन बघावं लागेल.

समोर कोण होतं आणि मॅच कुठे झाली, हे जोडायला विसरू नका. २०१८-१९ पासून एनसीएए टीमची क्रमवारी लावायला नेट रँकिंग वापरतं, आणि त्यात पहिल्या दर्जाचा विजय म्हणजे घरच्या कोर्टवर पहिल्या ३० मधल्या टीमला हरवणं, तटस्थ कोर्टवर ५० मधल्या आणि बाहेर ७५ मधल्या. तेव्हा साठाव्या नंबरच्या टीमशी त्यांच्या कोर्टवर चार पॉइंटने हरलो तर गाडीत रडारड करण्यासारखं काही नाही.

आणि खेळाडूंना थेट काही लिहून पाठवू नका. एकोणीस-वीस वर्षांची पोरं आहेत, सकाळी त्यांचाही क्लास असतो.

माझ्या वहीत प्रत्येक मॅचच्या पानाखाली एकच प्रश्न लिहिलेला असतो, पुढच्या मॅचला बघायचा. सध्याच्या पानावर लिहिलंय: "बुधवार. १२ नंबरला दुसरा फाउल झाला की कोच बसवतो का? बसवला तर त्याच्या जागी येणारा स्क्रीनवर पुढे येतो की मागे थांबतो?"