जुन्या फोर-बाय-फोरची थरथर: माझा अनुभव

माझ्या जुन्या फोर-बाय-फोर गाडीने नागपूर–वर्धा रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरचा वेग ओलांडला की थरथर सुरू होत असे, आणि ती स्टीअरिंगपेक्षा सीटखाली व पायाखालच्या पत्र्यात अधिक जाणवत असे. चाकांचे बॅलन्सिंग दोनदा करून घेतले. फरक पडला नाही. मग मोकळ्या रस्त्यावर त्याच वेगात गाडी न्यूट्रलमध्ये सोडून पाहिली. इंजिनचे फेरे उतरले तरी थरथर तशीच राहिली, त्यामुळे इंजिनवरचा संशय मिटला.

घरी चाकांना दगड लावून गाडीखाली शिरलो. मागच्या प्रोपेलर शाफ्टच्या, म्हणजे मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या फिरत्या दांड्याच्या, क्रॉसमध्ये (टोकाच्या सांध्यातल्या अधिकच्या चिन्हासारख्या तुकड्यात) ढिलेपणा नव्हता. मात्र दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे दुबेळके, एका रेषेत नव्हते. पूर्वी क्लचचे काम झाले तेव्हा शाफ्टची लांबी कमीजास्त होऊ देणारा दातेरी सरकता सांधा सुटून बसवताना दाते चुकले असावेत. ग्रीस व चिखल खरवडल्यावर जुळणीचे दोन बाण दिसले, एकमेकांपासून बोटभर सरकलेले! कोनात फिरणाऱ्या क्रॉसमुळे शाफ्टचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा कमीजास्त होतो, आणि योक एका रेषेत असले तरच दुसरा क्रॉस हा चढउतार खोडून काढतो.

शाफ्ट उतरवून बाण जुळवले आणि बोल्ट नवे घातले. त्यानंतर बुटीबोरीपर्यंत गेलो, तेव्हा ९० च्या वेगातही आरशातले मागचे ट्रक स्थिर दिसत होते.