हायड्रॉलिकचं तेल आणायला निघण्याआधी

दुकानात जायच्या आधी ट्रॅक्टरचं पुस्तक काढा. सापडत नसेल तर मॉडेल नंबर सांगून डीलरकडून तेवढं पान मागवा, पण आठवणीवर जाऊ नका. पुस्तकात सगळ्यात आधी एवढंच बघायचं, की हायड्रॉलिकची टाकी वेगळी आहे की गिअरबॉक्सचंच तेल लिफ्टला, म्हणजे मागचं अवजार उचलणाऱ्या हातांना, जातं. आजच्या बहुतेक ट्रॅक्टरांत एकच तेल असतं. तेच गिअर आणि क्राउन-पिनियन सांभाळतं, तेच पंपातून लिफ्टला जातं, आणि ऑइल ब्रेक असतील तर ब्रेकच्या प्लेटाही त्यातच बुडालेल्या असतात. म्हणून काउंटरवर नुसतं 'हायड्रॉलिक ऑइल द्या' म्हणायचं नाही. साधं ६८ नंबरचं हायड्रॉलिक तेल हातात पडेल. लिफ्ट त्यावर झकास उचलेल, पण गिअरचे दाते आणि ब्रेक यांच्यासाठी त्यात जे लागतं ते नसतं.

खरेदीच्या यादीत एक ओळ आत्ताच लिहून टाका: ट्रॉलीचा जॅक, म्हणजे ट्रॉली रिकामी करायला ती उचलणारा सिलिंडर. तेल फक्त ट्रॅक्टरमध्ये नसतं. जॅकमध्ये असतं, त्याच्या होजपाइपमध्ये असतं, लोडर आणि पलटी नांगराच्या सिलिंडरमध्येही असतं, आणि पाइप जोडून लिव्हर हलवला की हे सगळं ट्रॅक्टरच्याच तेलात येऊन मिसळतं. गेल्या वेळी माझं हेच राहिलं. तेल नवं, फिल्टर नवा, आणि ट्रॉलीच्या थोड्या खेपा झाल्यावर डिपस्टिकवर ताक, म्हणजे पाणी मिसळून पांढुरकं झालेलं तेल.

आता ब्रेक. ड्राय ब्रेक असतील तर ब्रेकपुरती काळजी नाही. ऑइल ब्रेक असतील तर तेलात घर्षण सांभाळणारं अ‍ॅडिटिव्ह नेमक्या प्रमाणात लागतं. कमी पडलं तर ब्रेक दाबताच मागून घर्रर्र आवाज आणि हादरा येतो. तेल जास्त निसरडं असलं तर आवाज नाही, पण ब्रेकही नीट लागत नाही. हे दुसरं जास्त वाईट, कारण ते कळतं भरलेली ट्रॉली उतारावर असताना. सामाईक टाकीसाठी बनवलेल्या तेलाच्या कॅनवर यूटीटीओ लिहिलेलं असतं. एसटीओयू लिहिलेलं तेल इंजिनातही चालावं असं बनवलेलं असतं; पुस्तकात ते सांगितलं असेल तरच घ्या. आणि 'गिअर आहेत ना, मग जास्त दमदार गिअर ऑइल टाका' हा सल्ला ऐकू नका. जीएल-५ दर्जाच्या तेलात गंधक-फॉस्फरसची अ‍ॅडिटिव्ह जीएल-४ पेक्षा बरीच जास्त असतात. त्यातली काही तेलं पितळ आणि ब्राँझच्या भागांना खातात, आणि ऑइल ब्रेकसाठी तर ती बनवलेलीच नसतात.

नुसत्या यूटीटीओ या चार अक्षरांवरही थांबू नका. प्रत्येक कंपनीचा कोड असतो: जॉन डिअरचा जे२०सी, मॅसी फर्ग्युसनचा एम११४५, फोर्ड-न्यू हॉलंडचा एम२सी१३४-डी. पुस्तकातला कोड कॅनच्या मागच्या बारीक अक्षरांत दिसला पाहिजे. दुकानदाराचं 'चालतं हो, सगळे हेच टाकतात' हे स्पेसिफिकेशन नव्हे. ३०३ एवढाच आकडा मिरवणारं स्वस्त तेल दिसलं तर डबा परत ठेवा. ३०३ हे जॉन डिअरचं जुनं तेल, त्यात स्पर्म व्हेल या देवमाशाचं तेल असायचं. ते १९७० च्या दशकातच बाद झालं, आता त्या आकड्याला धरून तपासण्यासारखं स्पेसिफिकेशनच नाही.

जाडीच्या आकड्यांत बरेच जण फसतात. ४६ आणि ६८ हे आयएसओचे आकडे ४० अंश सेल्सिअसला मोजलेल्या जाडीचे. गिअर ऑइलचे ८०, ९० आणि इंजिन ऑइलचे ३०, ४० या वेगळ्याच पट्ट्या. गिअरचं ९० नंबरचं तेल साधारण इंजिनच्या ४० ते ५० च्या जाडीचंच असतं. तेव्हा आकडा मोठा म्हणजे तेल जाड, ही तुलना एकाच पट्टीत करायची. गरजेपेक्षा जाड तेल थंडीत सकाळी पंपाला ओढता येत नाही, पंप शिट्टीसारखा ओरडतो आणि झिजतो. गरजेपेक्षा पातळ घेतलं तर ट्रॅक्टर तापल्यावर लिफ्ट मंदावते आणि उचललेलं अवजार हळूहळू खाली येतं. पुस्तकात तापमानाप्रमाणे तक्ता असतो, तो पाळा. पॉवर स्टीअरिंगची टाकी वेगळी असेल तर तिच्या तेलाची ओळही वेगळी असते, तीही वाचा.

जुनं तेल काढण्याआधी बघून घ्या. पांढुरकं दिसलं तर काचेच्या बरणीत थोडं घेऊन ठेवून द्या. फेस असेल तर बुडबुडे वर जाऊन तेल खालून नितळ होत येतं. म्हणजे पंप कुठून तरी हवा ओढतोय किंवा तेल कमी आहे. पाणी मिसळलेलं तेल ढवळलेलंच राहतं. खात्री हवी असेल तर तापलेल्या पत्र्यावर एक थेंब टाका, तोंड लांब ठेवून. तडतडलं तर पाणी आहे. पाणी कुठून शिरलं हे शोधल्याशिवाय नवं तेल ओतू नका: गिअर लिव्हरचं फाटलेलं रबर, ब्रीदर (टाकीची हवा आतबाहेर जायची वाट), प्रेशरने धुणं. आणि अर्थातच ट्रॉलीचा जॅक.

जॅकमध्ये पाणी जातं कसं? होजपाइपचा कपलर टोपणाशिवाय चिखलात पडलेला असतो, आणि जॅकचं वरचं सील कडक झालेलं असतं. शिवाय तीच ट्रॉली दुसऱ्याच्या ट्रॅक्टरला लागून आलेली असली तर त्याचं तेलही तुमच्याकडे येतं, ते कुठलं होतं कोण जाणे. 'जॅक बसलेला आहे, म्हणजे रिकामा' असं म्हणू नका. तळात आणि पाइपात तेल उरतंच. दोन्ही बाजूंनी काम करणाऱ्या सिलिंडरची तर एक बाजू कायम भरलेली असते. म्हणून ट्रॉली पूर्ण खाली बसवा, इंजिन बंद करा, लिव्हर मागेपुढे करून दाब सोडा, कपलर काढा, जॅककडचं टोक सैल करून तेल डब्यात उतरवा. वर उचललेल्या ट्रॉलीखाली पक्का टेकू लावल्याशिवाय हातसुद्धा घालायचा नाही. गळती शोधताना पाइपावरून हात फिरवायचा नाही, पुठ्ठा फिरवा. बारीक छिद्रातून दीड-दोनशे बारच्या दाबाने आलेलं तेल कातडीत घुसतं, आणि जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच सर्जनकडे जावं लागतं.

खरेदी: पुस्तकात दिलेले लिटर (मध्यम ट्रॅक्टरला ४० ते ६० लागू शकतात), अधिक जॅकसाठी वरचं तेल. पुस्तकातल्या आकड्यात जॅक धरलेला नसतो. सगळं एकाच ब्रँडचं घ्या. फिल्टर, ड्रेन प्लगचे वायसर, जाळीची ओ-रिंग. स्वच्छ नरसाळं, स्वच्छ म्हणजे खरंच स्वच्छ.

काढताना तेल कोमट असावं, लिफ्टचे हात खाली. प्लग एकच नसतो, दोन्ही अ‍ॅक्सलकडचे बघा, नाहीतर बरंच जुनं तेल आत राहील. जाळी डिझेलने धुऊन पूर्ण वाळवा. प्लगच्या चुंबकावर करडा लगदा असणं चालतं. धातूचे तुकडे असतील तर तेल बाजूला ठेवा आणि मेकॅनिक बोलवा.

भरा, इंजिन मंद चालवा, लिफ्ट काही वेळा वरखाली करा. बंद करून सपाट जागी, हात खाली ठेवून, थोडं थांबून लेव्हल बघा. मग ट्रॉली जोडा, जॅक वरखाली करा, पूर्ण बसवा, पुन्हा लेव्हल बघा. कमी असेल तर भरा. गळती बघा. मोकळ्यावर ब्रेक तपासा. जुनं तेल झाकणाच्या डब्यात भरून जुनं तेल घेणाऱ्याकडे द्या, ओढ्यात नाही.

तेलाचा कोड, तारीख आणि तास मडगार्डच्या आतून पेंटने लिहा. कोड ट्रॉलीच्या दांडीवरही लिहा, आणि कपलरला टोपण लावा.