फीडबॅकमध्ये लपलेला भेदभाव: स्टार्टअपवाल्यांनो, या चुका टाळा

आम्ही सहाच जण होतो तेव्हा वाटायचं की भेदभाव वगैरे मोठ्या कंपन्यांत चालतो, आपण सगळे एकाच टेबलाला बसतो, रात्र रात्र जागून एकत्र रिलीज करतो, आपल्यात कुठून येणार ते. मग एका वर्षी टीममधल्यांच्या कामाबद्दल मी स्वतःच लिहिलेले रिव्ह्यू एकापाठोपाठ एक वाचत बसलो. एका मुलासाठी लिहिलं होतं, "डेटाबेस मायग्रेशन दोन आठवडे लांबलं, पुढच्या वेळी आधी टेस्ट डेटावर चालवून बघ, अडकलास तर तिसऱ्या दिवशीच सांग." त्याच प्रोजेक्टवरच्या मुलीसाठी लिहिलं होतं, "काम छान, कॉन्फिडन्स वाढव, बोलताना जरा सौम्य राहा." आता कॉन्फिडन्स पण वाढवायचा आणि सौम्य पण राहायचं, म्हणजे सोमवारी सकाळी येऊन तिनं नक्की करायचं काय? पुढे तो टीम लीड झाला आणि ती सोडून गेली. जाताना म्हणाली, "माझं काय चुकतंय ते मला इथं कुणी कधी सांगितलंच नाही." ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहितोय.

कामाबद्दल बोलायचं सोडून स्वभावावर घसरणं

2014 साली किअरन स्नायडर यांनी टेक क्षेत्रातल्या 28 कंपन्यांमधल्या 180 लोकांचे 248 रिव्ह्यू गोळा करून वाचले. ज्यात काहीतरी टीका आहे असे पुरुषांचे 83 रिव्ह्यू निघाले, त्यात स्वभावावर नकारात्मक शेरा फक्त 2 मध्ये. बायकांचे टीका असलेले रिव्ह्यू 94, आणि त्यातल्या 71 मध्ये स्वभावावर शेरा. लोकांनी आपणहून पाठवलेले रिव्ह्यू आहेत, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे सगळ्या जगाला लावू नका, पण 2 आणि 71 हा फरक डोळ्याआड करण्यासारखा नाहीच.

तुमच्याकडे हे होतंय का ते बघायचं असेल तर अर्धा तास काढा, सगळे रिव्ह्यू एका फाइलमध्ये टाका, नावं झाका आणि "अ‍ॅग्रेसिव्ह", "इमोशनल", "डॉमिनेटिंग" असे शब्द शोधा, मग नावं उघडून ते कुणाच्या वाट्याला आलेत ते बघा. वागण्याचा खरंच त्रास होत असेल तर घडलेली गोष्ट लिहा. "तू फार डॉमिनेटिंग आहेस" यातून काही हाती लागत नाही. "मंगळवारच्या डेमोत क्लायंट बोलत असताना तू तीनदा मध्ये बोललीस, त्यात त्यांचा पेमेंटबद्दलचा प्रश्न राहूनच गेला" हे ऐकल्यावर माणूस पुढच्या डेमोत काहीतरी वेगळं करू शकतो. आणि लिहिताना स्वतःला विचारा, हेच एखाद्या पुरुषानं केलं असतं तर मी हे लिहिलं असतं का?

वाईट वाटेल म्हणून गोड बोलणं

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं, कारण करणाऱ्याला वाटतं आपण चांगलंच वागतोय. समोरची व्यक्ती बाई आहे किंवा वेगळ्या वंशाची आहे, आपण कडक बोललो तर भेदभाव करतोय असं दिसेल, या भीतीनं आपण "मस्त चाललंय" म्हणतो आणि मोकळे होतो. केंट हार्बर यांनी 1998 साली अमेरिकेत एक प्रयोग छापला, त्यात गोऱ्या विद्यार्थ्यांना मुद्दाम वाईट लिहिलेला निबंध तपासायला दिला, आणि लिहिणारा कृष्णवर्णीय आहे असं वाटलं की मजकुरावरचे शेरे एकदम मऊ झाले. बायकांच्या बाबतीतही असंच होतं हे लिली जॅम्पोल आणि व्हिव्हियन झायस यांनी 2020 मध्ये दाखवलं, वाईट कामाबद्दल त्यांना खरं कमी आणि गोड जास्त सांगितलं जातं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण प्रमोशनची वेळ आली की तेच मनात ठेवलेलं मत बाहेर येतं, आणि ज्याला सुधारायची संधी दिलीच नव्हती त्याला आपण "अजून तयार नाही" म्हणून बाजूला करतो.

मग बोलायचं कसं? 2014 चाच आणखी एक प्रयोग आहे, सातवीतल्या मुलांवरचा. शिक्षकांनी निबंधावर नेहमीसारखे सगळे शेरे लिहिले, फक्त सोबत चिठ्ठी जोडली, काहींना साधी, की हे शेरे तुझ्या माहितीसाठी, आणि बाकीच्यांना अपेक्षेची, मतलब असा की मी एवढे शेरे लिहिले कारण माझी अपेक्षा मोठी आहे आणि तू तिथं पोचशील याची मला खात्री आहे. साधी चिठ्ठी मिळालेल्या कृष्णवर्णीय मुलांपैकी 17 टक्क्यांनी निबंध सुधारून परत दिला, अपेक्षेची चिठ्ठी मिळालेल्यांपैकी 72 टक्क्यांनी. मुलं थोडीच होती आणि शाळा म्हणजे काही स्टार्टअप नाही, तरी एक गोष्ट नीट बघा, शेरे तेवढेच होते, टीका कुणी कमी केली नव्हती. तेव्हा आधी अपेक्षा काय आहे ते सांगा, मग नेमकं काय कमी पडलं ते, मग तुम्ही स्वतः काय मदत करणार ते. आणि खात्री नसेल तर ते वाक्य तोंडदेखलं म्हणूच नका, लोकांना कळतं.

"कल्चर फिट नाही", म्हणजे "आमच्यात जमणार नाही", म्हणून रिजेक्ट करणं

2004 साली छापलेल्या एका अभ्यासात बॉस्टन आणि शिकागोमध्ये जवळपास 5000 रिझ्युमे पाठवले होते, पात्रता सारखी, फरक नावांचा. कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांपेक्षा गोऱ्या वाटणाऱ्या नावांना सुमारे 50 टक्के जास्त कॉलबॅक आले. त्या रिक्रूटरांना विचारलं असतं तर प्रत्येकानं काहीतरी कारण सांगितलंच असतं. मन असंच चालतं, आवडलेल्या उमेदवाराकडे जे आहे तेच महत्त्वाचं ठरवतं. म्हणून निकष रिझ्युमे उघडायच्या आधी लिहा, प्रश्न सगळ्यांना तेच विचारा, आणि मार्क प्रत्येकानं आपापले भरून झाल्यावरच चर्चा सुरू करा, नाहीतर फाउंडर आधी बोलतो आणि बाकीचे मान हलवतात. सॉफ्टवेअरवर सोडून मोकळं होता येत नाही, अ‍ॅमेझॉननं रिझ्युमे छाननीचं असं टूल केलं होतं, ते जुन्या रिझ्युमेंवरून शिकलं आणि बायकांचा उल्लेख दिसला की मार्क कापायला लागलं, शेवटी बंद करावं लागलं.

पिचमध्ये दोघांना वेगवेगळे प्रश्न

पिच म्हणजे पैसे मिळवण्यासाठी इन्व्हेस्टरसमोर आपली कंपनी मांडणं. डेना कान्झे आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कच्या टेकक्रंच डिसरप्ट या स्टार्टअप स्पर्धेतल्या पिचमध्ये विचारलेले प्रश्न तपासले. पुरुष फाउंडरना विचारलेले 67 टक्के प्रश्न किती वाढाल, किती मोठे व्हाल असे, आणि बायकांना विचारलेले 66 टक्के प्रश्न बुडणार तर नाही ना, ग्राहक सुटले तर काय अशा थाटाचे. बायका इन्व्हेस्टरही असंच विचारत होत्या. इन्व्हेस्टर असाल तर प्रश्नांची यादी आधीच करा. फाउंडर असाल तर "ग्राहक सुटले तर?" याचं उत्तर थोडक्यात द्या आणि बोलणं बाजार किती वाढतोय तिकडे न्या, असं करणाऱ्यांना पैसे जास्त मिळाल्याचं त्यांना दिसलं.

तक्रार आली की सफाई देणं

कुणी येऊन म्हणालं की मीटिंगमध्ये माझा मुद्दा सोडून दिलात आणि तोच दुसऱ्या कुणी मांडला तेव्हा वाहवा केलीत, तर "माझा तसा हेतू नव्हता" हे पहिलं वाक्य गिळा. कुठली मीटिंग, काय मुद्दा, एवढं विचारा, लिहून घ्या, आठवड्याच्या आत परत जाऊन काय केलं ते सांगा. पण छळाची तक्रार ही फीडबॅकच्या गप्पांत मिटवायची गोष्ट नाही, तिची नीट चौकशीच व्हायला हवी. उबरच्या माजी इंजिनिअर सुझन फाउलर यांनी फेब्रुवारी 2017 मध्ये त्या कंपनीबद्दल लिहिलं की त्यांच्या मॅनेजरची तक्रार केल्यावर एचआरनं तो हाय परफॉर्मर असल्याचं सांगितलं. छोट्या टीममध्ये तर एचआरच नसतो आणि तक्रार कित्येकदा फाउंडरबद्दलच असते, म्हणून ती ऐकणारा बाहेरचा एक माणूस पहिल्या दिवशीच ठरवा आणि त्याचा नंबर जॉइन होणाऱ्या प्रत्येकाच्या हातात द्या.