लँडस्केपला ऑइल पेंट फिल्टर लावताय? या चुका टाळा

घाटातलं धुकं, भातखाचरं, नदीकाठचं देऊळ, असे फोटो लोक जीव ओतून काढतात. मग फोटोशॉपमध्ये ऑइल पेंट फिल्टर उघडायचा, सगळे स्लायडर उजवीकडे ढकलायचे आणि पाच मिनिटांत 'पेंटिंग' तयार. अशा फाइल प्रिंटसाठी माझ्याकडे येतात तेव्हा वाईट वाटतं, कारण बहुतेकदा मूळ फोटो खरंच चांगला असतो. आणि चुका तर ठरलेल्याच असतात.

छोट्या कॉपीवर आकडे ठरवणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. फिल्टरचा फटकारा पिक्सेलच्या हिशोबाने पडतो, इंचाच्या नाही. 1500 पिक्सेल रुंदीच्या कॉपीवर जो फटकारा छान जाड दिसतो, तोच त्याच आकड्यांनी 6000 पिक्सेलच्या मूळ फाइलवर चित्राच्या मानाने चौपट बारीक होतो. गिंप या मोफत सॉफ्टवेअरमधल्या ऑइलिफाय फिल्टरचंही तेच.

एका मैत्रिणीला वडिलांच्या साठीला वाईजवळच्या मेणवली घाटाचा फोटो कॅनव्हासवर द्यायचा होता. दगडी पायऱ्या, कृष्णेचं पाणी, सकाळचं तिरपं ऊन. तिने छोट्या कॉपीवर फिल्टर लावून पाहिला, आवडला. तेच आकडे मूळ फाइलवर लावले तर चित्रपणच दिसेना. वेळ नव्हता, म्हणून ती छोटी कॉपीच ताणून 24 बाय 36 इंचांत छापायला दिली. 1500 पिक्सेल 36 इंचांवर पसरले की इंचाला जेमतेम 42 उरतात. कॅनव्हास उलगडला तर पायऱ्यांच्या कडा दातेरी, आणि पाण्यातल्या प्रतिबिंबात जेपेग फाइल दाबून साठवताना उमटणारे चौकोन. त्या प्रत्येक चौकोनाभोवतीही फिल्टरने इमानेइतबारे फटकारे मारलेले. समारंभ दुसऱ्या दिवशी संध्याकाळी.

रात्री मूळ फाइलपासून सुरुवात केली. आधी प्रिंटचं माप: इंचाला 150 पिक्सेल धरले तर 5400 बाय 3600. फाइल त्या मापाला आणली, नॉइज (फोटोतले बारीक दाणे) काढला, त्यानंतरच फिल्टर. स्टायलायझेशन आणि स्केल हे फिल्टरचे दोन स्लायडर बरेच वाढवावे लागले. सकाळी दुसरा कॅनव्हास छापून घेतला. पहिल्याचे पैसे गेले ते गेलेच.

स्लायडर पूर्ण रेटूनही फटकारा बारीकच वाटला, तर मी फाइल निम्मी करते, फिल्टर लावते आणि परत दुप्पट करते. रंगवल्यासारख्या चित्रात बारीक तपशील फारसा नसतो, त्यामुळे दुप्पट निभावतं. चौपट निभावत नाही. शेवटचा निर्णय स्क्रीनवर घेऊ नका. प्रिंटच्या खऱ्या मापातला ए4 एवढा तुकडा छापा, भिंतीला लावा आणि हॉलमध्ये जितक्या अंतरावरून तो दिसणार आहे तिथून बघा.

सगळ्या फोटोवर एकच फटकारा

फिल्टरला आकाश कळत नाही, देऊळ कळत नाही. तो सगळीकडे सारखाच ब्रश फिरवतो. चित्रकार असं कधीच करत नाही. चित्रकार आबालाल रहिमान यांनी कोल्हापूरचा कोटीतीर्थ तलाव पुन्हा पुन्हा रंगवला. जागा तीच, तरी प्रत्येक वेळी काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे नव्याने ठरवावं लागतं. ते ठरवण्याचं काम फिल्टर करणार नाही, तुम्हीच करायचं आहे. एका क्लिकवाली ॲप मला आवडत नाहीत ती याचसाठी.

कोकणकड्याचा फोटो घ्या. ढगांना लांब, मऊ फटकारे शोभतात. कड्याच्या कातळाला तेच लावले तर त्याचं टोकदारपण जातं आणि कडा मेणाचा दिसतो. मी लेयर आधी 'कन्व्हर्ट फॉर स्मार्ट फिल्टर्स' करून घेते, म्हणजे फिल्टरचे आकडे नंतरही बदलता येतात, आणि त्याच्या तीन प्रती ठेवते: मोठ्या फटकाऱ्याची, मध्यम, आणि जवळजवळ फोटोच वाटेल अशी. मग मास्कवर, म्हणजे कुठली प्रत कुठे दिसावी ते ठरवणाऱ्या पडद्यावर, हाताने रंगवते. आकाशाला मोठा, दूरच्या डोंगररांगांना मध्यम, आणि नजर जिथे थांबायला हवी त्या जागेला सर्वांत बारीक. दोन फटकारे जिथे भेटतात तिथे मास्कची कड मऊ ठेवा, पण कातळ आणि आकाश यांच्यामधल्या रेषेवर मात्र ती घट्टच हवी. याला तासभर लागतो. तेवढी सवड नसेल तर फोटो फोटोच राहू द्या, तोही सुंदर असतो.

आकाशात शेवया

निळ्या किंवा राखाडी आकाशात फिल्टरला धरायला कड सापडत नाही, मग तो नॉइजचीच दिशा धरतो. त्यातून त्या वळवळत्या शेवया येतात. क्लीनलिनेसचा स्लायडर वाढवून त्या जात नाहीत, लांब होतात. नॉइज आधी काढा. शार्पनिंग करायचंच असेल तर फिल्टरनंतर, तेही हलक्या हाताने.

विजेच्या तारा फिल्टरमध्ये तुटक रेघा होऊन उरतात, म्हणून त्या आधीच पुसा. पावसाळ्यातल्या हिरव्याचं सॅच्युरेशन वाढवू नका, तो आधीच भरपूर असतो. मूळ फाइलवर सेव्ह करू नका, कधीच.

शाइन (रंगावरची चमक) आणि ब्रिसल डिटेल (ब्रशच्या केसांच्या रेघा) चढवलं की रंग प्लास्टिकचे दिसतात. कॅनव्हासला स्वतःचा पोत असतो, त्यावर खोटा उठाव कशाला? तिथे मी लाइटिंगची खूणच काढून टाकते. कागदी प्रिंटसाठी ठेवलीच, तर अँगल फोटोतल्या उन्हाच्या बाजूचा ठेवा. ऊन डावीकडून आणि रंगावरची चमक उजवीकडून, हे बघणाऱ्याला सांगता येत नाही, पण खटकतं.

जलरंग हवा असेल तर फिल्टर गॅलरीतला वॉटरकलर जपून वापरा. खऱ्या जलरंगात उजेड म्हणजे कोरा कागद. हा फिल्टर उलट सावल्या काळ्याकुट्ट करतो, शॅडो इंटेन्सिटी शून्यावर ठेवली तरी. आधी सावल्या चांगल्या उजळून घ्या आणि मग लावा.

फिल्टर मेनूत करडा दिसतोय, क्लिकच होत नाही? फिल्टर गॅलरी 16 बिटच्या फाइलवर चालत नाही, इमेज मेनूतल्या मोडमध्ये जाऊन 8 बिट करा. ऑइल पेंट अडला असेल तर फाइल सीएमवायकेमध्ये (छपाईच्या रंगपद्धतीत) नाही ना ते बघा, त्याच मोडमधून आरजीबी (स्क्रीनची रंगपद्धत) करा. तरीही करडाच राहिला तर प्रेफरन्सेसच्या परफॉर्मन्समध्ये ग्राफिक्स प्रोसेसरची खूण आहे का ते तपासा. जुन्या लॅपटॉपवर बहुतेकदा तिथेच अडलेलं असतं, आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर अपडेट केला की पुष्कळदा सुटतं.