फोन दुरुस्तीला टाकताना लॉक सांगू नका

कोल्हापूरच्या राजारामपुरीत मी मोबाइल दुरुस्तीचं काम करते. आमच्या धंद्यात एक पद्धत इतकी मुरली आहे की ती आता कुणाला खटकतही नाही. गिऱ्हाइकानं फोन काउंटरवर ठेवला की पहिला प्रश्न येतो, "लॉक काय आहे?" आणि गिऱ्हाईक सांगून टाकतं, मोठ्यानं, चार माणसांसमोर. मग तो आकडा स्टिकरवर लिहून फोनच्या पाठीला चिकटवला जातो. पॅटर्न असेल तर नऊ ठिपके काढून त्यावर रेघ ओढतात. फोन बाकीच्या फोनांबरोबर ट्रेमध्ये पडतो आणि संध्याकाळपर्यंत त्या टेबलापाशी येणारा कुणीही तो उचलून उघडू शकतो. आत पोरीचे फोटो असतात, दवाखान्याचे रिपोर्ट असतात, भिशीचा ग्रुप, दूध संस्थेच्या बिलाचा मेसेज, बँकेचं ॲप, आधार कार्डाचा फोटो आणि सासरच्या कटकटीबद्दल बहिणीला पाठवलेला आवाजी निरोपही असतो.

माझ्याकडे पार गडहिंग्लजपासून बायका येतात. "ताई, तुम्ही बाई आहात म्हणून तुमच्याकडं आणला," म्हणतात. त्यांचा विश्वास मला मोलाचा वाटतो, पण दुरुस्ती करणारी बाई मिळेल या भरवशावर कुणाला राहायला लागू नये. दुकानदार कसाही असो, तुमचा फोन त्याच्याकडं बंदच गेला पाहिजे, आणि ते जमतं. कसं ते सांगते.

कुठल्या कामाला लॉक लागतं?

बहुतेक कामांना लागतच नाही. हे आम्हा दुरुस्तीवाल्यांना पक्कं ठाऊक असतं, गिऱ्हाइकाला नसतं.

कॉम्बो, म्हणजे डिस्प्ले आणि टच, बदलायचा असेल तर लॉक नको. नवा टच लॉक स्क्रीनवरच तपासता येतो. मी मुद्दाम चुकीचा पिन टाकते, प्रत्येक आकड्यावर बोट जातं का बघते, कडेपासून कडेपर्यंत बोट ओढते. कॅमेरा लॉक न काढताही उघडतो, त्यामुळं पुढचा-मागचा दोन्ही बघता येतात. टॉर्चही लागते. बॅटरी, चार्जिंग जॅक, मागची काच, बाजूची बटणं यांना तर लॉकचा काहीच संबंध नाही. चार्जिंग होतंय का ते फोन बंद असतानाही पडद्यावर दिसतं. माइक, स्पीकर आणि नेटवर्क तपासायला मी दुकानातलं सिम घालते आणि दुसऱ्या फोनवरून रिंग देते. आलेला कॉल लॉक न काढता उचलता येतो, बोलता येतं.

राहिलं काय? फिंगरप्रिंट, वायफाय, ब्लूटूथ. ते फोन घ्यायला याल तेव्हा तुम्हीच लॉक काढून दोन मिनिटांत बघायचं.

"सॉफ्टवेअर मारायला लागेल", म्हणजे फोनचं मूळ सॉफ्टवेअर नव्यानं घालायला लागेल, असं ऐकलं की माणसं हमखास लॉक सांगतात. पण सॉफ्टवेअर मारताना बहुतेक वेळा आतला सगळा डेटाच पुसला जातो. डेटा पुसायचाच असेल तर लॉक कशाला हवं? तेव्हा गरज असते ती आधी बॅकअप घेण्याची. फोन नुसता हँग होत असेल, एखादं ॲप उघडत नसेल, तर समोर बसा, स्वतः लॉक काढा आणि काम होईपर्यंत हलू नका.

काउंटरवर हे बोलायला अवघड वाटतं, विशेषतः पोरींना आणि वयस्कर माणसांना. साधं वाक्य पाठ करून ठेवा: "भावा, लॉक देत नाही. काम झालं की फोन कर, मी येते, तुझ्यासमोर लॉक काढते, मग दोघं मिळून तपासू." फोन कुठल्या नंबरवर करायचा तो घरातल्या दुसऱ्या कुणाचा तरी लिहून द्या. "मग गॅरंटी नाही" असं उत्तर आलं, तर पावतीवर बदललेला पार्ट आणि त्याची मुदत लिहून मागा. पार्टच्या गॅरंटीचा तुमच्या पिनशी संबंध नसतो. दुकानदार तरीही अडून बसला तर फोन उचला. शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, महाद्वार रोड, दुकानांना कोल्हापुरात तोटा नाही.

घरातून निघण्याआधी

सिम काढून घ्या. ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे, कारण फोन लॉक असला तरी सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं की तुमचे ओटीपी तिकडं येतात. व्हॉट्सॲप त्या नंबरवर नव्यानं सुरू करता येतं. मेमरी कार्डही काढा. फोनच्या आतला साठा लॉकच्या मागं असतो, पण साध्या मेमरी कार्डावरचे फोटो कुठल्याही कार्ड रीडरमध्ये उघडतात. सिमचा ट्रे निघत नसेल तर दुकानात तो उघडायची टाचणी मागून स्वतःच्या हातानं काढा.

लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसतो तो बंद करा. सेटिंगमध्ये नोटिफिकेशन, तिथं लॉक स्क्रीन, आणि मजकूर लपवा. सिम काढलं तरी दुकानाच्या आसपास तुमच्या फोनला ओळखीचं वायफाय मिळालं तर व्हॉट्सॲपचे निरोप पडद्यावर येतच राहतात.

बॅकअप घ्या. २०१९ च्या महापुरानंतर आणि पुन्हा २०२१ ला पाण्यात बुडालेले फोन घेऊन माणसं यायची. फोन जाऊ दे, फोटो तेवढे काढून दे म्हणायची. हल्लीच्या फोनमध्ये साठा एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे लॉकशिवाय वाचता येणार नाही असा असतो, त्यामुळं मदरबोर्ड जिवंत होऊन लॉक उघडेपर्यंत आतलं काही निघत नाही. चोरापासून वाचवणारी हीच सोय अशा वेळी मालकालाही आडवी येते. लग्नाचे फोटो, वडिलांचा आवाज, जे जाऊन चालणार नाही त्याची प्रत दुसरीकडं हवीच.

*#०६# डायल करून पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, वहीत लिहून ठेवा. दोन सिमच्या फोनला दोन असतात. पावतीवरही तो लिहून घ्या. फोन दुकानातून गहाळ झाला किंवा चोरीला गेला, तर पोलिसांत तक्रार देऊन सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तो याच आकड्यानं ब्लॉक करता येतो.

आणि खरोखरच लॉक देण्यावाचून इलाज नसेल तर? सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये 'मेंटेनन्स मोड' आहे, गूगलच्या पिक्सेलमध्ये 'रिपेअर मोड'. तो सुरू केला की दुरुस्ती करणाऱ्याला कोरा फोन दिसतो. तुमचे फोटो, मेसेज, खाती मागं राहतात आणि तुमच्या लॉकनंच तो मोड बंद होतो. ज्या फोनमध्ये हे नाही, तिथं गॅलरी, व्हॉट्सॲप आणि बँकेच्या ॲपला ॲप लॉक लावा आणि फोनचा पिन तात्पुरता बदलून तो द्या. नेहमीचा देऊ नका. तोच आकडा एटीएमला आणि यूपीआयलाही लावणारी माणसं मी रोज बघते.

फोन परत आल्यावर, कुणी बघतंय का

लॉक दिलं असेल तर घरी पोहोचायच्या आधी पिन बदला. मग पुढचं तपासा. हा भाग दुरुस्तीपुरता नाही. ज्यांनी फोन कधीच दुरुस्तीला टाकला नाही त्यांनीही वाचावा, कारण फोनवर डोळा ठेवणारा माणूस पुष्कळदा दुकानात नसतो, घरातच असतो.

माझ्याकडे पुरुष येतात आणि हळू आवाजात विचारतात, "तिचं व्हॉट्सॲप माझ्या फोनवर दिसंल असं करून द्या की." कुणाला बायकोचं हवं असतं, कुणाला बहिणीचं, कुणाला ठरलेल्या मुलीचं. मी करून देत नाही, आणि का ते तोंडावर सांगते. "माझ्याच बायकोचा फोन हाय, त्यात काय?" याला माझ्याकडं कायद्याचं उत्तर आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमतानं सांगितलं. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये, बाईच्या इंटरनेट, ईमेल किंवा इतर इलेक्ट्रॉनिक संपर्कावर पुरुषानं पाळत ठेवणं हा पाठलागाचा गुन्हा आहे. पहिल्यांदा दोषी ठरला तरी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण मी नाही म्हटलं म्हणजे दुसरा कुणी करून देणार नाही असं नाही. म्हणून ताई, वहिनी, पोरींनो, हे स्वतः बघा.

व्हॉट्सॲप उघडा, वरचे तीन ठिपके दाबा, 'लिंक केलेली डिव्हाइस' मध्ये जा. तिथं तुमचा नसलेला संगणक किंवा फोन दिसला तर त्यावर बोट ठेवून लॉग आउट करा. तुमचा फोन हातात पडला आणि लॉक माहीत असलं की हे जोडायला मिनिटसुद्धा लागत नाही, म्हणून सगळ्यात जास्त हेच सापडतं. मग खाते सेटिंगमध्ये 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' चालू करून सहा आकडी पिन लावा. तो घरच्या कुणाच्या जन्मतारखेचा नको.

गूगल मॅप उघडून वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या फोटोवर दाबा आणि 'लोकेशन शेअरिंग' बघा. तुम्ही कधी न जोडलेलं नाव तिथं असेल तर तुमचं जाणं-येणं त्याला दिसतंय. सेटिंगमध्ये गूगल खात्याच्या सुरक्षेखाली 'तुमची डिव्हाइस' अशी यादी असते. फोन एक आणि यादीत दोन दिसले तर दुसऱ्याला साइन आउट करून पासवर्ड बदला. कॉलच्या सेटिंगमध्ये कॉल फॉरवर्डिंग, म्हणजे कॉल दुसऱ्या नंबरवर वळवायची सोय, उघडा, तिथं अनोळखी नंबर नको.

अँड्रॉइड १२ किंवा त्याच्या पुढचा फोन असेल, तर माइक किंवा कॅमेरा चालू झाला की वरच्या उजव्या कोपऱ्यात हिरवी खूण येते. आयफोनमध्ये कॅमेऱ्याला हिरवा आणि माइकला नारिंगी ठिपका असतो. तुम्ही काहीच करत नसताना ती खूण दिसली तर अँड्रॉइडच्या सेटिंगमधल्या 'प्रायव्हसी डॅशबोर्ड' मध्ये जा. मागच्या चोवीस तासांत कुठल्या ॲपनं माइक, कॅमेरा, लोकेशन वापरलं ते वेळेसकट दिसतं. 'ॲक्सेसिबिलिटी' चा भागही उघडून बघा. दृष्टी अधू असलेल्यांसाठीची ही सोय आहे, पण तिथं परवानगी मिळालेलं ॲप तुमचा अख्खा पडदा वाचू शकतं. पाळत ठेवणारी ॲप आणि लग्नपत्रिकेच्या नावानं येणाऱ्या एपीके फाइली (प्ले स्टोअरबाहेरून ॲप बसवणाऱ्या), दोघांचीही धडपड याच परवानगीसाठी असते. प्ले स्टोअरमध्ये घातक ॲप हेरणारं 'प्ले प्रोटेक्ट' कुणी बंद करून ठेवलंय का तेही बघा.

एक गोष्ट मात्र सांभाळून. पाळत तोडली की पाळत ठेवणाऱ्याला कळतं. घरात मारहाण होत असेल, धाक असेल, तर घाईनं काही काढू नका. स्क्रीनचा फोटो दुसऱ्या फोननं काढून ठेवा आणि विश्वासातल्या माणसाच्या फोनवरून १८१ या महिला हेल्पलाइनला किंवा पोलिसांना ११२ वर फोन करा.

जुना फोन देताना

गल्लीत गाडीवर स्पीकर लावून "जुने, बंद पडलेले मोबाइल द्या, टब घ्या, बादली घ्या" म्हणत येतात. एका बादलीवर माणसं घरातले तीन-तीन फोन देऊन टाकतात. मला हे बघून पोटात कालवतं.

चालू फोन विकायचा किंवा एक्सचेंजला द्यायचा असेल, तर आधी बँकेच्या आणि यूपीआय ॲपमधून बाहेर पडा, मग सेटिंगमधून गूगल खातं काढा, सिम आणि मेमरी कार्ड काढा आणि शेवटी सेटिंगमधूनच फॅक्टरी रिसेट करा, म्हणजे सगळा डेटा पुसला जाईल. बटणं दाबून केलेल्या रिसेटनंतर फोन जुनं खातं मागतो आणि नवा मालक तुम्हाला फोन करून पासवर्ड विचारत बसतो. तो सांगायचा नाही. फोन आणायला सांगा आणि स्वतः टाका. डिस्प्ले फुटलाय पण फोन चालू आहे, नेटला जोडलेला आहे, तर दुसऱ्या फोनवरून गूगलच्या 'फाइंड हब' मध्ये जाऊन तो पुसता येतो.

पूर्ण मेलेल्या फोनमध्ये साठ्याची चिप तशीच असते. अँड्रॉइड १० घेऊन २०१९ नंतर आलेल्या नव्या फोनांना साठा एन्क्रिप्ट करणं सक्तीचं आहे, त्यामुळं नुसती चिप काढून काही हाती लागत नाही. पण २०१५ च्या आधीचे, अँड्रॉइड ४ किंवा ५ वाले फोन तसे नव्हते. त्यांची चिप काढून बॉक्सला, म्हणजे चिप वाचणाऱ्या यंत्राला, लावली की फोटो निघतात. असले फोन बादलीवाल्याला देऊच नका. ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडं न्या आणि तुमच्यासमोर मदरबोर्ड काढून साठ्याची चिप फोडायला सांगा. मोजकंच काम आहे. घरी हातोडा मारणार असाल तर आधी बॅटरी सुटी करून घ्या, कारण तिच्यावर घाव बसला तर ती पेट घेते. फुगलेली बॅटरी असेल तर स्वतः हातच लावू नका, फोन तसाच दुकानात आणा. उरलेला सांगाडा आणि बॅटरी ई-कचरा घेणाऱ्यांकडं द्या, घंटागाडीत टाकू नका.