वजनकाट्याची केबल आणि पळणारं पोर्ट

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडतीवर मी उबंटू २२.०४ (लिनक्सवरची एक ऑपरेटिंग सिस्टिम) चा पीसी वजनकाट्याला जोडत होतो. काट्याला आरएस-२३२ हे जुन्या पद्धतीचं सिरियल कनेक्शन, पीसीला नुसतं यूएसबी, मध्ये दोन्ही जुळवणारी सीएच३४० चिपची केबल. पोत्यांची थप्पी लागलेली, हमाल खोळंबलेले आणि काट्याचे आकडे ज्यातून वाचायचे ते पोर्ट काही पीसीवर दिसेना. ती दुपार आठवली की अजून पोटात गोळा येतो.

आधी एक सांगतो, ड्रायव्हर शोधत फिरू नका. सीएच३४०, एफटीडीआय, सीपी२१०२, पीएल२३०३ या अशा केबलींतल्या सगळ्या चिपांचे ड्रायव्हर लिनक्स कर्नलमध्येच, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातच असतात. मी कुठूनतरी सोर्स उतरवून कंपाइल करण्यात दोन दिवस घालवले. ज्यांना गुरू मानायचो त्यांनी ‘विंडोज टाक’ म्हणून विषय संपवला. लॉग (सिस्टिमने लिहिलेल्या नोंदी) न बघता सल्ला देणाऱ्याचं ऐकू नका, मग तो कितीही मोठा असो.

खरी गोम निघाली बीआरएलटीटीवायमध्ये (brltty). दृष्टिहीनांच्या ब्रेल डिस्प्लेसाठीचा हा प्रोग्रॅम उबंटूत आधीपासून असतो. काही ब्रेल यंत्रांतही हीच चिप असते. त्यामुळे यूडेव्हच्या (जोडलेलं यंत्र ओळखणारी लिनक्सची यंत्रणा) नियमांनुसार १ए८६:७५२३ हा या चिपचा आयडी दिसला की तो केबल आपल्याकडे ओढतो. म्हणून एलएसयूएसबी (lsusb) या यूएसबी यंत्रांची यादी देणाऱ्या कमांडमध्ये केबल दिसते, पण टीटीवाययूएसबी० (ttyUSB0) हे तिचं पोर्ट येतं आणि लगेच जातं. केबल लावा आणि त्याच क्षणी डीमेसग (dmesg), म्हणजे कर्नलचा लॉग दाखवणारी कमांड बघा. आधी ‘अटॅच्ड’, पाठोपाठ बीआरएलटीटीवायचं नाव, मग ‘डिसकनेक्टेड’. मी फक्त शेवटची ओळ वाचून केबलला दोष देत राहिलो आणि दुसरी केबल आणली. तीही सीएच३४० चीच! तीन ओळी एकत्र वाचल्या असत्या तर पाच मिनिटांचं काम होतं.

त्या पीसीवर कुणी ब्रेल वापरत नसेल तर ते पॅकेज काढा, केबल काढून परत लावा. कुणी वापरत असेल तर मात्र हात लावू नका, ते त्या माणसाचे डोळे आहेत. तिथे एफटीडीआयची केबल घ्या, पण तिचाही आयडी त्या नियमांत नाही ना, हे आधी बघा.

पोर्ट टिकलं आणि ‘परमिशन डिनाइड’ आलं तर घाबरू नका, ते सगळ्यांनाच येतं. स्वतःला डायलआउट (dialout) या सिरियल पोर्ट वापरायची परवानगी असलेल्या ग्रुपमध्ये घाला, लॉगआउट करून परत या. त्यासाठीच्या यूजरमॉड (usermod) कमांडच्या ‘-एजी’तला (-aG) ए विसरलात तर बाकीचे ग्रुप जातील, अ‍ॅडमिनचे अधिकार देणाऱ्या सुडोसकट. पोर्टला सीएचमॉड ७७७ मारणं, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी देणं मला अजिबात पटत नाही. केबल निघाली की ते पुसलं जातं आणि दुसऱ्या दिवशी अडतीवरून परत फोन येतो.

आर्डुइनोसाठीची (छंदाच्या इलेक्ट्रॉनिक्सचा छोटा बोर्ड) कमी व्होल्टेजची टीटीएल केबल काट्याला लावू नका, आरएस-२३२ च्या व्होल्टेजने ती जळू शकते. आकड्यांऐवजी कचरा आला तर बॉड रेट (आकडे पाठवायचा वेग, दोन्हीकडे सारखाच लागतो) काट्याच्या सेटिंगमध्ये बघा. आमचा ९६०० होता, मी पीसीवर ११५२०० लावला होता. तो बदलल्यावर पोत्याचं वजन आलं.