जुन्या गाडीचा एसी परत चालू करताय? मग आधी गॅस भरू नका, आणि या चुका टाळा

कॉन्टेसा असो, प्रीमियरची ११८ एनई असो नाहीतर जुनी मर्सिडीज, वर्षानुवर्षं बंद पडलेला एसी चालू करायचा म्हटलं की गॅरेजमध्ये पहिलं वाक्य ठरलेलं, "गॅस भरून बघू, टिकला तर टिकला". अहो पण गॅस काय पेट्रोलसारखा जळून संपत नाही, कमी झालाय म्हणजे कुठूनतरी गेलाय, आणि तुम्ही भरलेलाही तिथूनच जाणार. आधी नायट्रोजनचं प्रेशर द्या, साबणाचा फेस लावा आणि प्रत्येक जॉइंट बघा. जिथे तेलकट धूळ चिकटलेली दिसेल तिथे संशय पक्का धरा, बहुतेक वेळा ते कॉम्प्रेसरच्या (गॅस दाबणाऱ्या पंपाच्या) शाफ्टचं सील नाहीतर होसचं क्रिम्पिंग, म्हणजे टोकाला दाबून बसवलेला जोड, निघतं. नुसत्या व्हॅक्यूमवर, म्हणजे पंपाने आतली हवा खेचून, लीक टेस्ट उरकणारे पण भेटतील, पण व्हॅक्यूममध्ये सील आत ओढलं जातं आणि बारीक लीक लपून राहतो.

आता गॅस कुठला? या गाड्या आर-१२ या जुन्या गॅसवाल्या, आणि भारतात त्याचं उत्पादन २००८ मध्येच थांबलंय, म्हणजे नंतरच्या आर-१३४ए गॅसवरच यावं लागतं. इथे सगळ्यात महाग चूक होते ती तेलाची. जुनं मिनरल ऑइल आर-१३४ए मध्ये मिसळतच नाही, ते कंडेन्सरमध्ये (गॅस थंड करणारी पुढची जाळी) आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये साचून बसतं, इकडे कॉम्प्रेसर कोरडा फिरत राहतो आणि मग एक दिवस जाम. म्हणून फ्लशिंग करून, म्हणजे पाइप आतून धुऊन, जुनं तेल पूर्ण काढायचं आणि नवीन एस्टर ऑइल टाकायचं, ते थोडंफार राहिलेलं मिनरल ऑइल सहन करतं. फ्लशिंग करताना ड्रायर (ओल शोषणारी डबी) आणि एक्सपान्शन व्हॉल्व्ह (कॉइलमध्ये गॅस सोडणारा बारीक तोंडाचा व्हॉल्व्ह) बाजूला काढा, ड्रायर तर नवीनच लागतो, त्यात कंजूषी नको. ओ-रिंगा (जॉइंटमधल्या रबरी रिंगा) पण सगळ्या बदला, कितीशा पैशाच्या असतात!

गॅसच्या मापाचं म्हणाल तर गाडीच्या प्लेटवर आर-१२ एक किलो लिहिलं असेल तर आर-१३४ए साधारण ७५० ते ८५० ग्रॅम, तेही वजनकाट्यावर. ड्रायरच्या काचेतले बुडबुडे जाईपर्यंत भरत राहायची जुनी सवय इथे चालत नाही, गॅस जास्त होतो, हाय साइडचं, म्हणजे कॉम्प्रेसरनंतरच्या बाजूचं, प्रेशर वाढतं आणि कूलिंग उलट कमी होतं.

गॅस भरण्याआधीचं व्हॅक्यूम दहा मिनिटांत उरकू देऊ नका, निदान पाऊण तास तरी पंप चालू ठेवायला लावा, आणि पावसाळ्यात कोकणात-मुंबईत तर त्याहून जास्त. आत ओल राहिली तर काय होतं बघा, एसी आधी मस्त गार, मग अचानक गरम हवा, गाडी थोडा वेळ बंद ठेवली की परत गार. ती ओल एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या तोंडाशी गोठते. पण हे ओळखताना लोक गोंधळतात, म्हणून डॅशबोर्डवरच्या एसीच्या जाळीवर हात धरा: हवा तेवढ्याच जोराने येतेय पण गरम झालीये तर ओल, आणि हवेचा जोरच कमी झालाय तर कूलिंग कॉइलवर बर्फ जमलाय, म्हणजे कॉइल जास्त गार झाली की कॉम्प्रेसर बंद करणारा थर्मोस्टॅट बघा.

सिग्नलला गरम आणि हायवेला गार असेल तर गॅसला हात लावू नका. इंजिन चालू ठेवून कंडेन्सरवर पाण्याचा पाइप मारा, कूलिंग लगेच सुधारलं तर दोष कंडेन्सरवरून हवा कमी जाण्याचा आहे. आर-१३४ए ला कंडेन्सर मोठा लागतो, जुन्याच्या जागी पॅरलल फ्लोवाला (अनेक चपट्या नळ्यांचा) आणि पुढे चांगला इलेक्ट्रिक फॅन बसवला की निम्मी कटकट जाते. फॅनला रिले (जास्त करंट झेलणारा स्विच) मात्र लावा, जुन्या वायरिंगवर थेट लोड नको.

हीटर कॉक, म्हणजे हीटरला इंजिनचं गरम पाणी सोडणारा कॉक, विसरूच नका बरं, तो नीट बंद होत नसेल तर एकीकडे एसी आणि दुसरीकडे गरम पाणी, आणि बिचाऱ्या कॉम्प्रेसरला शिव्या.

"स्वस्तात होईल" म्हणून एलपीजीसारखा पेटणारा गॅस भरून देणाऱ्यांना तर हात जोडा, कूलिंग कॉइल लीक झाली तर तो केबिनमध्येच येणार.

काम झालं की गॅस भरायच्या पोर्टला आर-१३४ए चे फिटिंग लावून घ्या आणि बॉनेटखाली गॅस किती ग्रॅम, तेल कुठलं आणि तारीख असं स्टिकर चिकटवा, नाहीतर पुढचा मेकॅनिक परत मिनरल ऑइल ओतून मोकळा होईल.